दुसरा रिमोट

तांडापेठेतल्या घरात दोन आवाज होते.
ओसरीत बाबांचा हातमाग,
धोटा उजवीकडे, धोटा डावीकडे, दिवसभर.
आणि आत, कुलरच्या घरघरीखाली,
एका टीचभर माणसाच्या उडीचा टुंई आवाज.
तो फक्त उजवीकडे जायचा.
मागं राहिलं ते पडद्याबाहेर गेलं,
नाणं असो, नाहीतर चूक.

कॅसेटवर लिहिलं होतं नऊ लाख नव्व्याण्णव हजार खेळ.
चालायचे चार. आम्ही खेळायचो एक.
नवतपात कॅसेट रुसली की काढून फुंकायची.
फुंकायला हेमलता.
दुधावरची साय सारावी तसे तिचे ओठ.

पहिला रिमोट माझा.
का, हे कोणी विचारलं नाही.
मी मेलो की तिची पाळी,
आणि मी फार सावकाश मरायचो.
"मर ना बे लवकर!"
"काय बोलून राह्यली ही पोरगी," आई चुलीपासून.
तिची पाळी आली की लाईन जायची.
ओसरीत माग चालूच,
त्याला कुठं लाईन लागते?

मग माग मोडीत गेला. हेमलता तुमसरला दिली.

परवा बर्डीच्या फुटपाथवर तसलंच यंत्र दिसलं.
साडेसातशे म्हणाला, चारशेला दिलं.
तिचा पोरगा दोन मिनिटं खेळला.
"मामा, हा मागं काऊन नाही जात?"
आणि मोबाईल घेऊन गच्चीवर गेला.

मी पहिला रिमोट तिच्यापुढं केला.
तिनं पदराला हात पुसले.
तेच ढग. तीच झुडपं,
नीट पाहिलं तर हिरवे रंगवलेले ढगच.
तिसऱ्या टप्प्यातला तो खड्डा,
ज्यात माझ्या सगळ्या सुट्ट्या पडल्या,
तिथं ती थांबलीसुद्धा नाही.
शेवटच्या विटेवरून उडी,
हवेत डोकं आपटलं, काहीच नव्हतं तिथं,
आणि एक जीव टपकन् खाली.

"तुला कसं ठाऊक?"
नजर पडद्यावरच.
"तू कुठं कुठं मरतं, हेच तं पाहत बसो मी.
सारं पाठ झालं मले."

ती मरेना.
वाटीतली मीठ लावलेली कैरी संपली,
कुलरचं पाणी संपलं.
मी दुसरा रिमोट हातात फिरवत बसलो होतो
तेव्हा पहिल्यांदा दिसलं,
त्याला सुरू करायचं बटणच नाही.