पाच मिलिमीटर सोडून

हाड सकाळी येतं, राखाडी, नाव काढून टाकलेलं.
फाइलीवर फक्त एक आकडा, वय नऊ, डावा पाय.
खिडकीबाहेर मेखेलनचा कालवा, त्यावर धुकं.
योरिसनं माझ्यापुढे कॉफी ठेवली, पडद्याकडे पाहिलं,
वाकडं आहे गं, म्हणाला. चांगलंच.

मी नडगी उभी करते.
प्रोग्राम तीन प्रतलं फुकट देतो:
समोरचं, वरचं, बाजूचं,
काटकोनात, शिस्तीत,
जणू जगात कुणी कधी लंगडलंच नाही.
त्यातलं एकही मला चालत नाही.

बाहेरच्या कडेपासून पाच मिलिमीटर आत
मी एक रेघ ओढते, समोरून मागे जाणारी.
त्या रेघेवर पहिलं प्रतल टेकवते, आडवं.
मग दुसरं.
कोन? प्रोग्राम विचारतो.
शून्य लिहिलं तर ते पहिल्याच्या अंगावर निजून राहील,
दोघांत केसही मावणार नाही.
चौदा लिहिते.
ते एका कुशीवर कलतं.
त्याला जाडी नाही, वजन नाही, कुठे थांबायचं ते ठाऊक नाही;
हाडातून जातं, टेबलातून, योरिसच्या कपातून,
कालव्यापलीकडच्या सायकलवाल्यांतून जातं
आणि कुणाला खरचटतही नाही.

करवतीला मात्र जाडी असते. एक पूर्णांक दोन.
साच्यात फट तेवढी ठेवायची
आणि जो भुगा अजून पडलेला नाही
तो आजच हिशेबात धरायचा.

पहिल्या खेपेला बाण उलटा राहिला.
काप दाबलं आणि सबंध पाय गेला,
उरली नुसती पाचर,
संत्र्याच्या फोडीएवढी, अधांतरी.
योरिस हसला. मीही हसले.
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

माझा बाप विलोच्या लाकडाचे बूट कोरायचा,
वासलांटमध्ये, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत.
त्याचा सुरा हातभर लांब,
एक टोक बाकावरच्या कडीत अडकवलेलं,
दुसरं त्याच्या मुठीत.
कोन त्यानं जन्मात मोजला नाही.
कडी धरून ठेवते, म्हणायचा, मी आपला झुकतो.
मला ते आळशाचं बोलणं वाटायचं
आणि मी कोनमापक घेऊन शहरात आले.

आता माझी फट रेघेपाशी येऊन थांबते.
पुढचे पाच मिलिमीटर कापायचे नाहीत.
पाचर निघेल, कडा कडेला भिडेल,
आणि पाय सरळ होईल तो
न कापलेल्या तेवढ्याशा हाडाच्या जिवावर.
अहवालात त्याला बिजागरी म्हणतात.
मी मनात कडी म्हणते.

दुपारी घोट्याजवळ एक पांढरा ठिपका दिसला.
फिरवून पाहिलं, तर अंगठी.
आत बोटाची हाडं, धूसर,
भोवती धातूचे किरण, विस्कटलेले.
स्कॅन चालू असताना
कुणीतरी पाय धरून ठेवला होता.

नियम साधा आहे: रुग्णाचं नसेल ते काढून टाका.
पण त्यालाही प्रतल लागतं.
आडवं टाकलं तर घोटा जात होता,
उभं टाकलं तर टाच.
तिरकं केलं. वीस. बावीस.
साडेबावीसला बोटाचा शेवटचा सांधा
अजून नडगीला चिकटलेलाच.
योरिस कोट घालून दाराशी उभा राहिला,
झालं का? थांब, म्हटलं.
तो थांबला, मग गेला.
दशांशात शिरले. बावीस पूर्णांक सात.
आठ.

मग त्या दोघांमध्ये एक फट सापडली,
कागद जेमतेम जाईल एवढी.
बाण कुठे वळलाय ते दोनदा पाहिलं.
काप दाबलं.

हात गेला.
पाय होता तिथेच राहिला, जराही न हलता,
अजून कुणी धरून ठेवल्यासारखा.