एकवीस गोट्या

मोरीवरच्या फळीवर सात बाटल्या, तपकिरी काचेच्या,
औषधाच्या दुकानातनं मागून मागून आणलेल्या.
चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं.
यांचं अक्षर यांनाच लागायचं नाही,
म्हणून नाव, तारीख आणि लाल पेनची फुली
मी लिहायची;
हे लाल बल्बखाली, ट्रेमधल्या पाण्यातनं
खासबागेतला कुठलासा पैलवान
हळूहळू वर येताना बघत बसायचे.

पहिल्या वर्षी असं नव्हतं.
पहिल्या वर्षी हायपो सरबताच्या बाटलीत होता,
बाटली माठाला टेकून,
आणि मे महिना,
आणि गंगावेशीतनं पळत आलेला
माझ्या भावाचा धैर्यशील, वय वर्षं सहा.
बूच निघालं होतं. ओठ लागायचे राहिले होते.
मी फटका दिला तो हातावर.
घरभर वास, विझलेल्या काडीचा.
त्या रात्री भाकऱ्या तशाच राहिल्या.

मी एवढंच म्हणाले,
ज्यात कधी प्यायचं काही होतं
त्यात तुमचं काही जायचं नाही.
दुसऱ्या दिवशी पेटी आली, कडी आली, कुलूप आलं.
किल्ली माझ्या मंगळसूत्रात.
आम्ल खालच्या कप्प्यात, एकटं.
ते पातळ करताना आधी पाणी, मग आम्ल,
हे मी यांना म्हणायला लावायची, पाढ्यासारखं,
आणि खिडकी उघडी, थंडी असो नाहीतर शेजारीण असो.

डेव्हलपरचं दुखणं निराळं. त्याला हवा सोसत नाही.
बाटली अर्धी झाली की वरच्या हवेनं तो चहा होतो,
आणि मग फोटोत माणूस येतच नाही.
हवा काढायची कशी?
धैर्यशीलनं खिसा उलटा केला.
एकवीस गोट्या. एकेक सोडली आत,
औषध गळ्याशी आलं.
"आत्ती, उसनं हाय ह्ये," म्हणाला.

वापरलेला हायपो गटारात नाही.
बादलीत, तारेच्या घासणीसकट, आठवडाभर.
काळा गाळ बसायचा; हुपरीचा माणूस
तो बोटानं चोळून हसायचा,
"वैनी, वर्साची चांदी, आन् ह्यात जोडवं बी हुईना."

पंचगंगा पेठेत शिरली त्या साली
माडीवर आधी पेटी गेली, मग गाद्या, मग मी.
हे म्हणाले, कागदपत्रं?
मी म्हणाले, कागद भिजले तर आपले भिजतील.
ही बाटली फुटली तर पाणी साऱ्या गल्लीचं.

आता हे फारसं काही धुवत नाहीत.
परवा धैर्यशील आला, टक्कल पडलेला,
पोरीला घेऊन. पोरगी बरोबर सहाची.
"आत्ती, माझ्या गोट्या?"
कुलूप काढलं. बाटली खिडकीशी धरली.
तारीख माझ्या हातची, फिकटलेली.
पोरीला म्हटलं, लांबूनच, हात मागं.
आणि बूच न काढता, हलके कलवत कलवत,
तिघांनी मिळून मोजल्या.
वीसच भरल्या. पुन्हा मोजल्या.