आमच्या नोंदीनुसार

एप्रिल. सदरच्या शाखेत कूलरचं पाणी संपलंय,
शिपाई पाइप शोधायला गेला तो गेलाच.
नंदनवार काका समोरच्या खुर्चीत बसतात,
पिशवीतून फाइल काढतात, फाइलीतून आणखी एक पिशवी.
"मॅडम, पोरीला कागद पाह्यजे. कॅलगरीला."

मला हे कागद माहीत आहेत.
महिन्याला तीन-चार तरी टाइप होतात माझ्या हातून:
मेलबर्न, डब्लिन, मस्कत, एकदा आइसलँडसुद्धा.
तिकडे गेलं की माणूस नवजात होतो.
इथे दहा वर्षं मोमिनपुऱ्याच्या गल्लीतून
गायी, वराती, उलटे घुसणारे ऑटो
चुकवत गाडी काढलेली असो,
तिथल्या विमा कंपनीच्या लेखी
तुम्ही काल जन्मलात, तेही स्टिअरिंग हातात घेऊन.
म्हणून हप्ता दुप्पट.
म्हणून जुन्या गावाहून दाखला मागवायचा
की काही घडलं नाही.

मी न घडलेल्या गोष्टींची कारकून आहे.

हर्षलीची ऑल्टो, एम एच एकतीस, करडी.
नऊ वर्षांत एकही दावा नाही.
पडद्यावर शून्याखाली शून्य, शून्याखाली शून्य,
नापास पोराच्या प्रगतिपुस्तकासारखं,
फक्त इथे शून्यालाच पैकीच्या पैकी.

"चार वर्षं तर उभीच आहे," काका सांगतात.
"मले चालवता नाही येत. लायसनच नाही.
रविवारी चाबी फिरवतो, दहा मिनिटं आत बसून राह्यतो.
बॅटरी मरू नाही पाह्यजे."
आणि विमा?
"तो भरतो ना. बंद काऊन करायचा?"

मी टाइप करायला घेते.
लायसनची नक्कल, गिरीपेठचा शिक्का,
फोटोत एकोणीस वर्षांची, एक डोळा अर्धा मिटलेला.
काका खुर्ची पुढे ओढतात.
"मॅडम, एकदा झालं होतं."

गोळीबार चौक. दिवाळीच्या आधीची संध्याकाळ.
सायकलवर पोट्टं, मागे साड्यांचा गठ्ठा.
ब्रेक लागला, पण उशिरा.
हनुवटीला तीन टाके.
मेयोत तिनंच नेलं,
रात्री अकरापर्यंत बाकावर बसून राहिली,
गठ्ठ्यातल्या साड्या दोनदा मोजल्या.
पोट्ट्याची आई म्हणाली, जाऊ द्या बाप्पा.
मग दावा कशाचा करता?
बंपरला पोचा आहे अजून.
"मी काढू नाही देल्ला."

"हे लिहा लागते का?"

नाही, मी म्हणते. आमच्याकडे नोंद नाही.
ते जरा हलके होतात. मग पुन्हा जड.
"मंग असं लिहिता येईन का,
का ते थांबली होती?"

रकाना नाही. मी खरंच शोधला,
वरपासून खालपर्यंत, मागच्या पानावरही.
दाव्याची तारीख, रक्कम, चूक कोणाची.
थांबली का, हे कुठलीच कंपनी विचारत नाही,
इथली नाही, बर्फातलीही नाही.

आमच्या नोंदीनुसार, मी लिहिते,
सदर वाहनधारकाने या काळात
कोणताही दावा केलेला नाही.
सही. शिक्का. शिक्का जरा तिरपा पडतो.

काका कागद खिडकीकडे धरतात,
पोरीच्या नावावरून बोट फिरवतात, अक्षर-अक्षर.
"तिकडं उजव्या अंगानं चालवतात म्हणे."
हो.
"म्हणजे चौकात पह्यले डावीकडं पाहा लागते.
सांगतो तिले. पण माझं ते काय ऐकते,
मले तर चालवताच नाही येत."

ते गेल्यावर शिपाई येतो, पाइप घेऊन.

संध्याकाळी एलआयसी चौकात दिवा हिरवा होतो.
मागचा हॉर्न मारतो, पुन्हा मारतो.
मी स्कूटीवर, एक पाय खाली टेकवून,
उगीचच आधी डावीकडे पाहते.