राजीखुशीने

गंगाखेडला निबंधक कचेरीसमोर, लिंबाखाली
माझं टेबल. आधी अब्बांचं होतं,
त्याआधी दादांची बैठी पेटी.

दादा उर्दूत लिहायचे : ब-रज़ा-ओ-रग़बत.
मग पोलीस ॲक्शन झालं, शिक्के बदलले.
अब्बा पंचविशीत पहिलीच्या पोरांशेजारी बसले,
मुळाक्षरं गिरवली
आणि लिहू लागले : राजीखुशीने.
माझ्या कॉम्प्युटरात साचा तयारच आहे,
‘कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने.’
नावापुरती जागा मोकळी.

लेकींना वाटा मिळाला, तो कायदा
गावात कुणी वाचला नाही, कळला मात्र सगळ्यांना.
त्याच्याआधी बहिणींना कोण विचारायचं?
आता जीप करून आणतात,
रसवंतीवर बसवतात, पंखा त्यांच्याकडे वळवतात.
हक्क आला, मागोमाग हक्कसोड आली.
माझ्या टेबलाला दुसरी खुर्ची लागली.
खोटं कशाला सांगू,
पोरीचं डी.एड. त्याच पैशात झालं.

मंगळवारी भुजंगराव आला, दोन बहिणी घेऊन.
धाकटीने यंत्रावर अंगठा ठेवला.
कापूस वेचून रेषा गेलेल्या,
यंत्राने तीनदा नाकारला.
अख्ख्या कचेरीत
त्यालाच तेवढी शंका आली.

थोरली चतुराबाई. पदरात साडीची पिशवी,
दुकानाची चिठ्ठी अजून डकवलेली.
म्हणाली, ‘वाचून दावा.’
मी वाचलं, नेहमीच्या चालीत,
गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस ओढा.
‘थांबा. ही खुशी कुणाची?’
‘तुमची, बाई.’
‘मपली? मला तर कुणी इचारलंच न्हाई.’

भुजंगराव हसला. कुणी साथ दिली नाही,
मग पायाकडे बघत राहिला.

‘जमीन दे म्हणत न्हाई मी.
देते. पर ते खुशीचं खोडा.
असं लिवा, देते,
कामून की न्हाई दिली तर
दिवाळीला दार बंद व्हईल.’

मी आत जाऊन साहेबांना विचारलं.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं,
‘असं लिहिलं तर दस्त टिकेल का, चाचा?’
चाळीस वर्षं मी
टिकणारे दस्त लिहिलेत.

टोकन रद्द झालं. माझी मजुरी बुडाली.
जीप मोकळीच गेली,
चतुराबाई पालमच्या एसटीत उभी राहून.
साडीची पिशवी माझ्या टेबलावर राहिली,
अजून आहे, दोघांपैकी कुणीच नेत नाही.
गावात बोलतात, तिनं वाटा मागितला.
मागितला नव्हता.
आता मागेल, असं साहेब म्हणतात.

परवा तिघी आल्या, वेगळ्याच गावच्या.
शाई उघडायच्या आत एकीने विचारलं,
‘ते खुशीचं कुठं लिवलंय?’
मी बोट ठेवून दाखवलं.
ती वाकून बघत राहिली, वाचता येत नव्हतं तरी.

रात्री आमच्या घराचा कागद काढला.
खाली कनीज़आपाची सही,
शेवटचं अक्षर ओळीबाहेर गेलेलं.
वर तेच शब्द, दडपणाशिवाय, शुद्धीत.
लिहिणारा मी.
वाचून दाखवल्याचं आठवत नाही.