सोळाच्या वर नाही

दत्तनगरात, बंद पडलेल्या मागांच्या शेडवर
पत्र्याची एक खोली आहे, ती आमची.
रविवारी लाईट असो नसो, अकराला जमायचं.
पाणी ज्याचं त्यानं आणायचं,
आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी.
फासे जमीरचे.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो
आणि इथं भुयारं.
कुठल्या दारामागं काय, कुणाला किती जखम,
सगळं त्याच लांबट वहीत,
मागच्या पानापासून उलटं.

नियम माझाच आहे.
ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण, छाप:
प्रत्येक रकान्याला तीन फासे,
आणि काहीही पडलं तरी
सोळाच्या वर नाही.

कारण मागच्या थंडीत, गड्ड्याच्या सुमारास,
जमीरचा योद्धा होता, पाच रकान्यांत अठरा.
दार त्यानंच तोडायचं, अजगर त्यानंच मारायचा,
कोडंसुद्धा त्यालाच सुटायचं.
बाकीचे कंदील धरून उभे.
चौथ्या रविवारी पल्लवी म्हणाली,
घरी विड्या वळल्या असत्या तर
हजार झाल्यावर कुणी मोजल्या तरी असत्या.
तो खेळ तिथंच राहिला.

तिरुपती गुर्रम नवीन. पहिलाच दिवस, पहिलाच रकाना.
ओंजळीत फासे इतका वेळ हलवले
की रेवण म्हणाला, टाक की बे, अंडी उबवतोस काय.
सहा.
सहा.
तिसरा घरंगळत बॉबिनच्या पोत्यामागं गेला.
सगळे ओणवे झालो, मोबाईलच्या उजेडात,
आणि सुताच्या फुसात
सहा.

कुणी ओरडलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते.
मी पेन्सिलीनं लिहिलं: ताकद, सोळा.

"दोन कुठं गेले, अन्ना?"

मी अजगराची गोष्ट सांगितली. कंदिलांची.
म्हणालो, जेकार्डला जितके हूक तितकाच मोर,
त्याबाहेर पिसारा निघत नाही,
तुझ्या आजोबांना विचार.
बोलतानाच मला ते जरा गुळगुळीत वाटलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला,
पोलीस भरतीला एकशे पासष्ट लागते.
माझी एकशे चौसष्ट.
टाचा दाबून दोनदा मोजली त्यांनी.
तिथं एक कमी म्हणून बाहेर.
इथं दोन जास्त म्हणून कापता.
मी नेमका किती असायला पाहिजे
ते एकदा लिहून द्या.

पत्रा तापून कडकड वाजत होता. एप्रिल.
रेवणनं शेंगा चटणीची पुडी सोडली,
कुणी हात लावला नाही.

नियम मोडला नाही मी.
मोडला असता तर जमीरनं मागचे अठरा मागितले असते,
आणि त्याचंही खरंच होतं.

भुयारात शिरलो. तिसऱ्या वळणावर आडवी शिळा.
ती हलवायला सतरा लागतात,
हे मी बुधवारीच लिहून ठेवलेलं,
तेव्हा हा पोरगा मला माहीतही नव्हता.
आता खोडलं तर दिसलं असतं.
सतरा, मी म्हणालो, वहीत मान घालून.

तो हसला. चांगलं हसला नाही.

पल्लवी म्हणाली, मी पण लावते खांदा.
तुझी ताकद सात, मी म्हणालो.
सात तर सात.
जमीर म्हणाला, माझे नऊ.
दोघांची ताकद कशी मिळवायची
याचा नियम मी केलेलाच नव्हता.
मी पानं चाळत राहिलो,
तोवर त्यांनी शिळा सरकवलीसुद्धा,
पलीकडच्या अंधाराबद्दल बोलायला लागले.
कंदील कुणी घ्यायचा यावरून
तिरुपती आणि रेवणची जुंपली.

संध्याकाळी जिना उतरताना
तो काही बोलला नाही. फासे जमीरला मोजून दिले.

रात्री मी वही सरळ बाजूनं उघडली,
टॉवेलची उधारी, सुताची बिलं, त्याखाली एक ओळ:
तिरुपती गुर्रम, देणे, दोन.
कशातून द्यायचे ते ठाऊक नाही.
पान भरलं की बेरजेबरोबर पुढं नेतो.
आज सहावं पान.
मागील पानावरून: दोन.