रंग जाण्याची हमी

छत्तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या डाय-हाउसात
मी एकच गोष्ट सांभाळली : रंग गेला नाही पाहिजे.
सुताची लडी उकळायची, पिळायची, सोड्यात पुन्हा उकळायची,
पांढऱ्या धडप्यावर घासून बघायची.
धडप्याला लाली लागली की सगळी भट्टी परत.
चादरीच्या कोपऱ्यातल्या लेबलावर
कारखान्याचं नाव असायचं, हमी असायची,
आणि हमीच्या मागं, वाफेत, मी.

आता जिन्याखाली, वडिलांच्या मोडलेल्या मागाच्या फळीवर
सव्वा मीटरचा रूळ आहे
आणि डाव्या तळहातावर
काडेपेटीहून जराशी मोठी वाघीण.
बार्शी लाइनची, अरुंद रुळांवरची, मालाची.
पुठ्ठ्याचं अंग, टाचण्यांचे दांडे,
चाकं तेवढी पुण्याहून मागवलेली.
तांबड्या ऑक्साइडचे दोन हात दिले.
वाळली, आणि इतकी नवी दिसली
की मलाच अवघडल्यासारखं झालं.

मग उलटं काम.
तव्याच्या बुडाची काजळी.
विटेचा भुगा, मलमलीतनं दोनदा चाळलेला.
फाटकाच्या कडीचा खरडून काढलेला खरा गंज.
धुरळा मात्र मागावा लागला नाही;
एप्रिलातलं सोलापूर, खिडकी किलकिली केली
की तो आपणहून येऊन बसतो.
ब्रश सुनेचा, पापण्यांना लावायचा. श्रीलताला अजून कळलेलं नाही.

हात ऐकेना.
हाताला सारखा रंग ठाऊक, कडेपासून कडेपर्यंत सारखा.
मी डाग पाडायचो
आणि बघतो तर अंगठा तो पुसत असायचा.

संध्याकाळी इरप्पा हत्तुरे आला.
कुर्डुवाडी यार्डात हातोडीनं चाकं ठोकत
आवाजावरनं तडा सांगणारा माणूस.
चष्मा कपाळावर ढकलून त्यानं वाघीण नाकापाशी नेली.
"काय बे बालय्या, गंज काय पावडरीसारखा थापत्यात व्हय?
गंज आतनं येतो. बिजागरीच्या मागनं.
रिबिटीखालनं एक बारीक ओघळ, पाणी उतरतं तसा."

आठ रात्री ओघळ काढले.
छपरावर काजळी, खाली चाकांपाशी धूळ,
दारावर पुसट खडूची फुली,
कधीकाळी कुणीतरी नापास केल्याची.

इरप्पानं पुन्हा पाहिली.
बराच वेळ बोलला नाही. शेंगदाणे खात राहिला.
मग म्हणाला, "म्हातारी झाली बे.
पर कामाला गेल्यावानी दिसत न्हाई."

"म्हणजे?"

"दांड्यावर पण गंज लावलास.
रोज गार्ड चढतो, हमाल लोंबकळतो,
जिथं हात पडतो तिथं गंज धरतो काय?"

मी फळीकडं बघितलं.
रुळाच्या पलीकडं, काठाला, वीतभर जागा
नुसती गुळगुळीत होती, दिव्यात चमकत होती.
वडिलांचा डावा हात तिथं असायचा.
इतकी वर्षं मी त्यावर चहाचा कप ठेवतोय.

पेन्सिल तासली. शिसं बोटावर घेतलं
आणि टाचणीएवढा दांडा घासत बसलो,
घासत बसलो, तो उजळेपर्यंत.

मग सवयच ती,
पांढरा धडपा घेतला आणि वाघिणीच्या पोटावरनं फिरवला.
धडपा तांबडा झाला.
मी घडी घालून खिशात ठेवला.
भट्टी परत केली नाही.

इरप्पानं फळीला कान लावला, डोळे मिटले,
बोटानं खूण केली : ढकल.
वाघीण सव्वा मीटर गेली, खडखडत, थांबली.

"चाक बराबर हाय," तो म्हणाला. "जाऊ दे."