डावा आरसा

डंडीत, पर्थ रोडच्या एका तळघरात
मॉर्वेन नावाची पोरगी म्हणाली,
"मधल्या फुलीवरून नजर हलवू नका, मिस्टर हुपरीकर."
फुलीच्या दोन्ही बाजूंना एकेक रिकामी चौकट.
आधी चौकट लुकलुकते, मग ठिपका येतो,
ठिपका दिसला की बटण.
बस, एवढंच. दहा पौंड, वर चहा.

दोनशे चाळीस वेळा दाबलं.
मग तिनं आलेख दाखवला:
लुकलुकल्याबरोबर तिथंच ठिपका आला, तर बोट चपळ.
जरा वेळ गेला,
पाव सेकंदाहून थोडा जास्त,
की त्याच चौकटीला बोट उशिरा.
डोळे तर फुलीवरच होते.
मागे फिरायला कचरत होतं ते आतलं कुणीतरी,
तिथं पाहून झालंय म्हणणारं.

"सगळ्यांचंच असं होतं," ती म्हणाली.
"रानात बोरं शोधणाऱ्यानं
एकाच झुडपात कितीदा हात घालायचा?"

मी बोरं शोधत नाही.
मी डबलडेकर चालवतो.

गेल्या नोव्हेंबरात, लॉकी रोडला,
दुपारचे चार आणि मिट्ट अंधार.
डावा आरसा पाहिला: रिकामा.
मग उजवा. सिग्नल. फुटपाथच्या कडेला बाबागाडी.
आणि डावीकडे स्टिअरिंग.
तेवढ्यात डाव्या आरशात सायकल होती.
दिसली ना, दिसलीच,
पण पाहून झालेल्या जागेत उगवली होती ती.

पायाला ब्रेक सापडण्याआधी
पत्र्यावर तिचा तळवा वाजला. दोनदा.
एक शिवी हासडून ती निघून गेली.
सात वर्षांत पहिल्यांदाच
इथलं बोलणं मला एका दमात समजलं.

घरी सुलभा म्हणाली, डोळ्यांत तेल घालून चालवत जा.
तिला काय सांगू,
डोळे उघडेच होते गं.
त्याच्या आधी, डेपोत बस धुताना,
मिठाच्या, चिखलाच्या थरावर पाच बोटं उमटलेली दिसली.
तेवढा भाग मी तसाच ठेवला.
सकाळी दुसऱ्या कुणीतरी धुतला.

हे मॉर्वेनला सांगितलं नाही.
एवढंच विचारलं, सवयीनं हे जातं का?
तिनं पेन चावलं. "कमी होतं. थोडंसं.
पुढच्या मंगळवारी याल?"

जाताना दारातून मागे पाहिलं.
पडद्यावर फुली, दोन्ही चौकटी रिकाम्या.
उजवी रिकामी.
डावी
परत पाहिली.